पलीकडे गेलेली पणजी

पणजीच्या धक्क्यावर उभं राहिलं की मांडवीपार माडांची जी ओळ दिसते, ती बेती. पणजीकरांच्या हिशेबी ते गाव नव्हेच, नुसता समोरचा काठ. माझं आजोळ तिथलं, म्हणून माझ्या हिशेबी पणजी हाच समोरचा काठ. बेतीच्या धक्क्याला लागून आजोचं चहाचं दुकान होतं. दुकान म्हणजे नळ्यांचं छप्पर, दोन बाकं, उंड्यांसाठी एक जाळीचं कपाट आणि मागच्या अंगाला आजीची चूल. सकाळी उंडे नि पातळ भाजी, उन्हं वर आली की मिरच्यांची भजी, आणि आधी सांगून ठेवलं असेल तर दुपारी शीत, हुमण नि एखादा तळलेला बांगडा. गिऱ्हाईक सगळं तारीवरचं. नदी ओलांडायच्या जागेला आमच्याकडे तार म्हणत. यंत्राच्या गॅसोलीनी आल्या, मोटारी वाहणाऱ्या रुंद फेरीबोटी आल्या, तरी आजीच्या तोंडी शेवटपर्यंत तारच राहिली.

उत्तरेकडचा सगळा गोवा या धक्क्याशी येऊन अडायचा. कोर्टाच्या तारखेला निघालेला पेडण्याचा कुळकार, डिचोलीची मास्तरीण, मोयऱ्याच्या केळ्यांचे घड घेऊन निघालेल्या बायका, हळदोण्याच्या मिरच्यांची पोती. म्हापशाहून कारेर, म्हणजे त्या वेळची नाक पुढे आलेली प्रवासी बस, उतारावरून खाली यायची आणि सगळ्यांना बेतीला ओतून परत फिरायची. कचेरी पलीकडे, दवाखाना पलीकडे, मुंबईची आगबोट पलीकडे. उलट दिशेने ताळगावची वांगी यायची, आणि मुक्तीनंतर १९६२ साली ‘गोमन्तक’ सुरू झाला तेव्हापासून पहाटेच्या बोटीने पेपरांचे गठ्ठे. आजो त्यातला एक अंक ठेवून घ्यायचा आणि तो दिवसभर बाकावर हातोहात फिरून संध्याकाळी भज्यांखाली यायचा.

आजोला चहासाठी घड्याळ लागत नसे. बोट पणजीहून सुटली की तो चुलीत एक लाकूड सारायचा. बोट मध्यावर आली की आधणात पूड. बोटीने बेतीकडे तोंड वळवलं की दूध. आणि तो लोखंडी फाळका साखळ्या खडखडवत धक्क्यावर आपटायचा तेव्हा ग्लास बाकावर मांडलेले असायचे. पाण्याला ओढ असली की बोट थोडी खाली वाहत जाऊन मग वर यायची. तेवढा वेळ आजो दुधाचं भांडं हातात धरून नदीकडे बघत थांबायचा. हे मी स्वतः पाहिलं आहे, की आईने इतक्यांदा सांगितलं की पाहिल्यासारखं झालं आहे, ते आता मला सांगता येणार नाही. दुधाचं भांडं मात्र पितळेचं होतं. ते आता मामाच्या मुलाकडे आहे.

खोळंबा हाच आमच्या घरचा धंदा होता, हे मला फार उशिरा उमगलं. दुसऱ्याची बोट चुकली की आमची भजी खपायची.

पण खोळंब्याची दुसरी बाजूही घरातच होती. आजीला एकदा अवेळी कळा सुरू झाल्या. रात्र, बोट बंद. शेजारचा तारी उठवला, होडी काढली, सुईणीला बरोबर घेतलं आणि पणजीच्या दवाखान्याकडे निघाले. मावशी होडीतच झाली. नदीच्या अलीकडे झाली की पलीकडे, यावर आमच्याकडे दर चतुर्थीला वाद होतो. कागदोपत्री तिची जन्मजागा पणजी लागली, आणि या एका कागदाच्या जोरावर मावशी आयुष्यभर स्वतःला पणजीची म्हणवत आली. बेतीच्या घरात बसून ती आम्हाला ‘तुम्ही पलीकडचे’ म्हणायची.

नदीचं हे अडणं इतिहासातही एकदा नोंदलं गेलं. १८ डिसेंबर १९६१ च्या संध्याकाळी भारतीय फौजेची एक तुकडी उत्तरेकडून येऊन बेतीला ठेपली. समोर पणजी, पोर्तुगीज सत्तेची राजधानी, आणि मध्ये काळोखातली मांडवी. फौजेने ती रात्र बेतीला काढली आणि १९ ला सकाळी नदी ओलांडली. साडेचारशे वर्षांची राजवट शेवटच्या रात्री आमच्या तारीवर अडली होती. त्या रात्री आजोने जवानांना चहा पाजला, ही आमच्या घरातली अधिकृत हकिकत. ग्लासांची संख्या सांगणाऱ्यागणिक वाढत गेलेली आहे. आई म्हणायची, कसला चहा, आम्ही सगळे दुपारीच घर बंद करून वर पर्वरीच्या सड्यावर ओळखीच्यांकडे पळालो होतो, आणि आजोसुद्धा बरोबर होता. आजो जिवंत असेपर्यंत हे त्याच्यासमोर बोलायची कुणाची छाती नव्हती.

पणजीला पूल नवीन होता असं नाही. रायबंदरला जाणारा तो लांबलचक दगडी बांध-पूल पोर्तुगीज व्हाइसरॉय काउंट लिन्यारिशच्या काळात, १६३३-३४ साली बांधला. सुमारे ३ किलोमीटर, चिऱ्याच्या कमानींवर, दोन्ही अंगांना मिठागरं आणि खाजणं. आज त्याच्यावरून बस जाते तेव्हा खिडकीत बसलेल्याला तो पूल आहे हे कळतही नाही. पण तेव्हा पणजी हे खेडं होतं आणि राजधानी जुन्या गोव्यात होती. पुढे जुन्या गोव्यात रोगराई बोकाळली, १७५९ मध्ये व्हाइसरॉय पणजीला राहायला आला, आणि १८४३ साली पणजी रीतसर राजधानी झाली. म्हणजे शहराने एकदा त्या जुन्या बांधावरूनच बिऱ्हाड हलवलं म्हणायचं. मांडवी मात्र कोणी बांधली नाही. पूर्वेकडे जायला वाट होती, उत्तरेकडे होडी.

मांडवीवरचा पूल मुक्तीनंतरचा. तो सत्तर साली चालू झाला की एकाहत्तर, हाही घरातला एक वाद. भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री होते आणि पुलाला नाव नेहरूंचं दिलं, इथवर सगळ्यांचं एकमत. मला आठवतो तो चालत ओलांडलेला पूल. वाहनं अजून थोडी होती, आणि संध्याकाळी माणसं नुसती पूल बघायला यायची, जत्रेला यावीत तशी. आजीने पेटीतलं लुगडं काढलं होतं. मध्यावर पोचल्यावर ती कठड्याला धरून उभी राहिली आणि खाली आपलं घर शोधू लागली. वरून बेती केवढीशी दिसत होती! धक्क्यावर बोट लागलेली, दुकानाच्या छपरातून धूर वर येत असलेला. आजोला दुकान सोडता आलं नव्हतं. आजी बघत राहिली आणि म्हणाली, “पूल बरो आसा. पूण आतां हांगा रावतलो कोण?”

थांबलं कोणीच नाही. कारेरी बेतीला न उतरता वरच्या वर पणजीत जाऊ लागल्या. पाटोवर मोटारींचा नवा तळ झाला, पुढे १९८० मध्ये कदंब महामंडळ निघालं आणि त्यांचा स्टँडही तिथेच, पुलाच्या पायथ्याशी. मामा एका कारेरीवर क्लीनर लागला, मग ड्रायव्हर झाला. बाप धक्क्यावर गिऱ्हाइकाची वाट बघत बसलेला आणि मुलगा तेच गिऱ्हाईक डोक्यावरून पलीकडे नेतोय, असं काही वर्षं चाललं. आजो त्याच्याशी यावर कधी बोलला नाही. फक्त मामा जेवायला बसला की विचारायचा, आज किती फेऱ्या?

फेरीबोट बंद पडली नाही, बेतीहून आजही चालते. पण तिच्यावर उरले ते बेती-वेऱ्याचे लोक, मासळीवाल्या आणि शाळेची पोरं. आजोने आधी दुपारचं जेवण बंद केलं, मग भजी, मग दुसरं बाक घरात नेलं. शेवटी चहा तेवढा राहिला, तोही जास्त करून त्याच्या स्वतःसाठी.

पुलाने काय दिलं, हेही सांगायला हवं. नाहीतर मी नुसतीच आजीची नात. मावशी सचिवालयात नोकरीला लागली होती. त्या काळी सचिवालय मांडवीकाठच्या जुन्या आदिलशाही वाड्यात होतं. बेतीहून बोटीने जाणाऱ्यांना ते पहिल्यापासून जवळच होतं, पण म्हापसा, डिचोली, पेडण्याच्या मुलींना रोज घरून येऊन-जाऊन पणजीत नोकरी करता आली ती पूल झाल्यावर. मावशीच्या खोलीत आधी सगळ्या पणजी-सांतइनेजच्या बायका. पाच-सहा वर्षांत निम्मी टेबलं नदीपलीकडच्यांची. डब्यांतून फरक कळायचा म्हणे. तोपर्यंत कुणाच्या डब्यात तोरांचं लोणचं नसायचं, ते पुलावरून आलं. सोयरिकींचंही तसंच. ‘तारीपलीकडे मुलगी देऊन आम्ही तिचं तोंड कधी बघायचं’ असं म्हणणारे पणजीतले लोक पर्वरी-म्हापशाची स्थळं बघू लागले. कॉलेजची मुलं मिरामारला येऊ लागली. रात्रीचं नाटक संपेपर्यंत बसता येऊ लागलं. त्याआधी शेवटच्या बोटीसाठी माणसं तिसऱ्या अंकातूनच उठायची, आणि नायिकेचं पुढे काय झालं ते दुसऱ्या दिवशी आमच्या दुकानात येऊन विचारायची.

म्हापशाच्या व्यापाऱ्यांना भीती होती की आता पणजी आपल्याला खाणार. झालं भलतंच. शुक्रवारचा बाजार फुगला, कारण पणजीच्या बायकाच पिशव्या घेऊन म्हापशाला जाऊ लागल्या. पावसाळ्याआधीचं पुरुमेंत, म्हणजे सुकी मासळी, सोलं, मिरच्या, मीठ, म्हापशाला स्वस्त आणि निवडून घेता येतं, हे त्यांना आधीही ठाऊक होतं. पोतं घेऊन बोटीत चढायचा कंटाळा होता एवढंच. बेळगावच्या भाजीला मात्र या पुलाशी काही देणंघेणं नव्हतं. ती घाट उतरून फोंड्याकडून येत होती, तशीच येत राहिली. पूल झाला की सगळंच बदलतं असं जे सांगतात ना, त्यांनी एकदा मंडईत उभं राहून कुठली भाजी कुठून येते ते बघावं.

खरा बदल झाला तो वर, पर्वरीला. आजोच्या तोंडून पर्वरी म्हणजे सडा. चिऱ्याचं उघडं पठार, काजूची झुडपं, पावसाळ्यात गुरं चरायची, आणि रात्री देवचार फिरतो म्हणून एकट्यादुकट्याने जायचं नाही. तिथे जमीन घेणारा वेडा. पण पणजीची गोम अशी की या शहराला पाय पसरायला जागा नाही. समोर नदी, मागे आल्तिनोची टेकडी, एका बाजूला रुआ द उरेमचा खाडीफाटा, आणि सखल भागात भरतीचं पाणी. मुक्तीनंतर नोकऱ्या आल्या, कचेऱ्या आल्या, माणसं आली. ती राहणार कुठे? पुलापलीकडे चढ चढला की मोकळं पठार, आणि कचेरी दहा-पंधरा मिनिटांवर. हाउसिंग बोर्डाची वसाहत झाली, मग बंगले, मग इमारती. लोकांची कल्पना अशी होती की पुलावरून नदीपलीकडचा बारदेस पणजीत येईल. तो सकाळी यायचा, खरं आहे. पण संध्याकाळी परत जाताना दर खेपेस पणजीचा थोडा भाग बरोबर घेऊन जायचा.

आमच्या घरात पहिली गेली ती मावशीच. कागदोपत्री पणजीत जन्मलेली, पणजीच्या सचिवालयात नोकरी करणारी मावशी लग्नानंतर पर्वरीला ब्लॉक घेऊन राहायला गेली. पणजीत भाडं परवडेना. पत्ता सांगताना ती पर्वरी शब्द जरा हळू उच्चारायची.

मग १९८३ साली दक्षिणेला जुवारीवर पूल झाला आणि गोव्याचा उभा रस्ता पहिल्यांदा सलग जोडला गेला. दाबोळीला विमानातून उतरलेला पाहुणा एकाही बोटीत न चढता कळंगुटपर्यंत जाऊ लागला. त्याच वर्षी नोव्हेंबरात राष्ट्रकुलातले पंतप्रधान-राष्ट्राध्यक्ष दिल्लीची परिषद करून विश्रांतीला आग्वादला आले होते. रस्त्यांची तेव्हा झालेली रंगरंगोटी मामाला अजून आठवते. त्याची कारेर तासन्‌तास अडवून ठेवली म्हणून तेव्हा त्याने घातलेल्या शिव्याही त्याला आठवतात. हॉटेलं वाढली, भाड्याच्या मोटारी वाढल्या. सगळं आता कायमचं झालं असं धरून चालले होते सगळे. तो सलग रस्ता तीनच वर्षं टिकला.

५ जुलै १९८६ हा शनिवार होता. आदल्या दिवशी म्हापशाचा बाजार झालेला. त्या शनिवारी मांडवीचा पूल कोसळला. आम्ही राहायचो म्हापशाला; बातमी तिथे आली तेव्हा कोणाचा विश्वास बसेना. पूल पडला म्हणजे पुलाला तडा गेला असेल, दुरुस्तीला घेतला असेल, असंच जो तो म्हणत होता. सोळा-एक वर्षांचा पूल पडतो कसा? पुढे सगळीकडे बोललं गेलं ते कारण साधं होतं. काँक्रीटच्या पोटात पोलादाच्या ताणलेल्या तारा असतात, त्यांच्या ताणावर सगळा डोलारा. समुद्राची खारी हवा आत शिरली आणि त्या गंजल्या. वरून पूल धडधाकट दिसत होता. बेतीच्या कोणत्याही म्हाताऱ्याला खिडकीच्या गजांचं काय होतं ते विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. (हे मामाचं मत. इंजिनिअर लोक ते इतक्या सोप्या शब्दांत मांडणार नाहीत.) पुढे जुवारीच्या पुलालाही तेच दुखणं जडलं आणि तिथे जड वाहनांना मज्जाव करावा लागला.

आजो तोवर गेला होता. आजी होती. पूल पडल्याचं तिला सांगितलं तेव्हा ती थोडा वेळ गप्प राहिली, कुणाला लागलं काय ते विचारलं, देवाला हात जोडले. मग मामाला म्हणाली, “चूल पेटय रे.”

सहा वर्षं बेतीला पुन्हा दिवस आले. जादा फेरीबोटी आल्या. उतारावर स्कूटर-मोटारींची रांग लागायची ती पार वळणापर्यंत. ट्रकवाल्यांना साखळी-फोंड्याकडून भलामोठा वळसा घ्यावा लागे, त्याचं डिझेल मालाच्या भावात चढे, आणि पणजीतले दुकानदार वस्तू महाग झाल्याचं सांगताना नदीकडे बोट दाखवत. मी तेव्हा पणजीत नोकरीला होते. रोज बोटीतून जाताना डाव्या हाताला तो तुटका पूल दिसायचा, मध्येच संपलेला. पहिले काही आठवडे सगळे तिकडे बघायचे. नंतर कुणी मान वर करीना. पावसात फाळक्यावर पाय घसरायचा म्हणून मी चपला हातात घ्यायची. समोरासमोर उभं राहून माणसं बोलायला लागली, हा एक फायदा. बसमध्ये मागे बसलेला माणूस वर्षानुवर्षं अनोळखी राहतो. बोटीत चौथ्या दिवशी तो तुमच्या डब्यात काय आहे ते विचारतो. माझ्या ओळखीतली निदान दोन लग्नं त्या बोटीवर जुळली. उशिरा येण्याची सबब सगळ्या कचेऱ्यांतून एकच चालायची, बोट भरली होती, आणि साहेबही त्याच बोटीच्या रांगेत असल्यामुळे तो काही बोलू शकत नसे.

मामाने ड्रायव्हरकी सोडून दुकान पुन्हा उभं केलं. तेच छप्पर, नवे नळे. आजी स्टुलावर बसून सूचना द्यायची. तोपर्यंत गॅसची शेगडी आली होती, तरी बोट सुटली की ती आतून ओरडायची, “सुटली रे!” आणि मामा दूध ठेवायचा. पातळ भाजीला आजोच्या वेळची चव नव्हती असं जुनी गिऱ्हाइकं सांगत, पण दोन-दोन बशा खात. त्या सहा वर्षांच्या कमाईतून मामाने घराला माळा चढवला, मुलाला शिकवलं. पूल पडल्यामुळे ज्यांचं बरं झालं अशा माणसांनी ते मोठ्याने बोलायचं नसतं. आमच्याकडेही कोणी बोलत नाही.

याच मधल्या काळात, ३० मे १९८७ ला, गोवा घटक राज्य झालं. पणजीत सोहळा झाला. नव्या राज्याच्या राजधानीचा पूल त्या दिवशी नदीत पडलेला होता, आणि म्हापशाची माणसं नटूनथटून, साडीचे काठ सावरत, बोटीने सोहळ्याला आली. आजीलाही न्यायचं होतं. ती म्हणाली, राज्य हांगा येतलें मगे, मग मी कशाला जाऊ?

१९९२ मध्ये नवा पूल झाला आणि पुढे त्याच्या शेजारी जोडपूल. मामाने या वेळी वाट बघितली नाही. पूल खुला होण्याआधीच त्याने बाकं विकली. आजी तो पूल बघायला गेली नाही. गुडघे दुखतात म्हणाली.

त्यानंतर शहराची निघालेली वरात काही थांबली नाही. २००० साली विधानसभाच पर्वरीच्या पठारावर गेली, आणि तिच्या मागोमाग मंत्री, त्यांच्या खोल्या, फायली, फायलींच्या मागे फिरणारी माणसं. मावशीच्या नोकरीची शेवटची वर्षं पर्वरीच्या घरातून पर्वरीच्या कचेरीत जाण्यात गेली. २०२१ मध्ये उच्च न्यायालयाचं खंडपीठही आल्तिनोवरची जुनी जागा सोडून पर्वरीला आलं. २०११ च्या जनगणनेत पणजी शहराची वस्ती भरली ती सुमारे ४० हजार. राजधानी, तिथे सगळा गोवा कामाला येतो, आणि राहणारे एवढेच! संध्याकाळी सातनंतर अठरा जूनच्या रस्त्यावर उभं राहा, मी काय म्हणते ते कळेल. नदीवर मात्र उजेड असतो. तो कॅसिनोच्या जहाजांचा.

दोन पूलही पुरेनात म्हणून तिसरा आला. अटल सेतू, तारांनी तोललेला, चढ-उतार धरून ५.१ किलोमीटर लांब. २७ जानेवारी २०१९ ला त्याचं उद्‌घाटन झालं तेव्हा मनोहर पर्रीकर नाकात नळी घेऊन व्यासपीठावर आले होते. आमच्या म्हापशाचा माणूस. मावशी टीव्हीसमोर बसून रडली. दोन महिन्यांत ते गेलेच. हा पूल पणजीच्या माथ्यावरून जातो. मोपाच्या विमानतळावरून मडगावला निघालेल्या माणसाला पणजीत उतरायची गरज नाही. सिंधुदुर्गातून रुग्ण घेऊन बांबोळीच्या इस्पितळाकडे धावणारी गाडी त्यावरून काही मिनिटांत पार होते, आणि तिच्या आत कोण आहे हे मनात आलं की मला होडीतली आजी आठवते. अशा वेळी पुलाविरुद्ध एक शब्द काढवत नाही. दुचाकीला मात्र अटल सेतूवर मनाई आहे. म्हणजे मामाचा मुलगा अजून जुन्याच जोडपुलावरून येतो-जातो, आणि डोक्यावरून जाणाऱ्यांना नावं ठेवतो.

या मुलाचं पर्वरीला महामार्गालगत दुकान आहे. चहा, भाजी-पाव, मिरची, बन्स. आजोचं पितळी भांडं त्याने काचेच्या कपाटात शोभेला मांडलं आहे. पठारावरची गर्दी एवढी वाढली की सकाळी नऊला गाड्या इंचाइंचाने सरकतात, आणि अडकलेली माणसं दुकानातून चहा मागवून गाडीतच पितात. खोळंब्याचा धंदा बेतीहून चढ चढून वर आला होता, आणि तोही जोरात चालला होता. आता पर्वरीत महामार्गाच्या वर पाचेक किलोमीटरचा उंच रस्ता उठतो आहे. खांब दुकानाच्या दारासमोरच. धूळ इतकी की भज्यांवर झाकण ठेवावं लागतं.

परवा मावशीकडे सगळे जमलो होतो तेव्हा त्याचीच चर्चा. मामा, आता पंच्याऐंशीच्या घरातला, मुलाला म्हणाला, दुकान काढ आताच, रस्ता खुला व्हायच्या आधी. नंतर कोण घेणार? मावशीचं म्हणणं उलटं: वरून जाणारे जाऊ देत, सचिवालयात येणाऱ्याला खाली उतरावंच लागेल, आणि सरकारी माणूस चहाशिवाय राहिलेला तिने नोकरीत कधी पाहिला नाही. मुलगा दोघांचंही ऐकून घेत होता. मग त्याने मोबाईलवर एक फोटो काढून आम्हाला दाखवला. उंच रस्ता म्हापशाच्या दिशेला जिथे खाली उतरणार आहे, त्या तोंडाशी एक बंद गाळा आहे. मालकाशी त्याचं बोलणं चालू आहे. भाडं जास्त सांगतो म्हणाला. मामाने चष्मा लावून तो फोटो बराच वेळ बघितला आणि विचारलं, गाड्या ह्या बाजूने येणार की त्या?